परळ ते तुर्भे : गरोदरपणातल्या रक्तदाबाची आगाऊ खबर

गरोदर बाईच्या रिपोर्टवर 'सिरम क्रिएटिनिन ०.९' असा आकडा येतो. शेजारच्या रकान्यात छापलेल्या मर्यादेत तो बसतो, म्हणून घरचे निर्धास्त होतात. एरवी हा आकडा खरोखरच चांगला. पण सहाव्या महिन्यातल्या, रक्तदाब वाढू लागलेल्या बाईच्या बाबतीत तो धोक्याचा असू शकतो. गरोदरपणात मूत्रपिंडांचं गाळण्याचं काम जवळपास दीडपट होतं. रक्तातला कचरा भराभर बाहेर पडतो आणि क्रिएटिनिन खाली उतरतं. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतातल्या स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणाआधीची सरासरी डेसिलिटरमागे ०.६८ मिलिग्रॅम होती, ती चौथ्या-पाचव्या महिन्यात ०.५३ वर आली. म्हणजे जिचं क्रिएटिनिन एव्हाना बरंच खाली यायला हवं होतं, तिचं ०.९ वरच असेल, तर तिच्या मूत्रपिंडांना काहीतरी जाचतं आहे. छापील रकान्यात मात्र ते दिसत नाही, कारण तो गरोदर नसलेल्या बाईसाठी आखलेला असतो.

गरोदरपणातला रक्तदाब मूत्रपिंडांना इजा करतो, ती इजा मोठी होण्याआधी कळावी कशी? डॉक्टर मंडळी या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ लागली आहेत. या शोधाचे काही महत्त्वाचे टप्पे मुंबईत परळला घडले, आणि गेल्या पन्नास वर्षांतले काही खाडीपलीकडे उभ्या राहिलेल्या नव्या मुंबईत.

सुरुवातीला खबर नव्हतीच, थेट आकडी यायची. धडधाकट दिसणारी बाई बाळंतपणाच्या तोंडावर डोकं दुखतं म्हणायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि दातखिळी बसून झटके सुरू व्हायचे. गावोगावी त्याला बाहेरची बाधा समजत. १८४३ साली लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर या डॉक्टरने अशा झटके आलेल्या बायांची लघवी तापवून पाहिली. ती दह्यासारखी साकळली, म्हणजे तिच्यात अल्ब्युमिन उतरलं होतं. त्याच रुग्णालयात रिचर्ड ब्राइट यांनी त्याआधी सोळा वर्षं लघवीतलं अल्ब्युमिन आणि बिघडलेली मूत्रपिंडं यांचं नातं दाखवलं होतं. आकडीचा धागा मूत्रपिंडाशी जोडला गेला तो तेव्हा.

हे ज्ञान मुंबईत आलं, पण बायांपर्यंत पोचायला मार्ग नव्हता. पुरुष डॉक्टरांना अंगाला हात लावू देणं बहुतेक घरांत अशक्य होतं. कल्याण-अलिबागशी नातं असलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षी मुंबईत बायांनीच बायांवर उपचार करायचे या तत्त्वावर कामा रुग्णालय सुरू झालं. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर बाई त्यासाठीच मुंबईत आल्या होत्या. बाई डॉक्टर आली आणि मगच गरोदर बाईची तपासणी ही गोष्ट शक्य झाली.

खरा पालट झाला तो गिरणगावात. १९२६ साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं. गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया दिवस भरत येईपर्यंत साच्यांपाशी उभ्या असत. खाडा झाला की पगार कापला जाई. अशा बाईने तपासणीसाठी दवाखान्यात यायचं कधी? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. आगाऊ निदानाच्या इतिहासात या कायद्याचं नाव सहसा घेतलं जात नाही, पण ते घ्यायला हवं. विसाव्याचा आणि त्या काळातल्या भत्त्याचा हक्क मिळाला, तेव्हा निदान काही जणींना तरी बाळंतपणाआधी अंगाकडे पाहायला सवड झाली.

त्याच १९२८ साली लंडनहून ल्यूसी विल्स मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम मांडलं. गिरणीकामगार बायांना गरोदरपणात विलक्षण पंडुरोग व्हायचा, रक्त पातळ पडायचं आणि बाया दगावायच्या. मार्गारेट बाल्फोर या डॉक्टर बाईंनी चालवलेल्या मातामृत्यूंच्या चौकशीत विल्स यांच्याकडे हा भाग आला. त्यांनी या बायांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, त्या काय जेवतात त्याचा हिशेब मांडला, आधी जंतू शोधले, मग आहाराकडे वळल्या. शेवटी यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, रक्त सुधारतं हे त्यांनी १९३१ साली जगापुढे ठेवलं. त्या अर्कातलं ते अज्ञात द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. आज दवाखान्यात गरोदर बाईला पहिल्याच भेटीत जी गोळी हातावर ठेवतात, तिचा एक धागा परळच्या त्या प्रयोगशाळेशी आहे. बाईचं रक्त बोलतं, फक्त ते वेळेवर पाहिलं पाहिजे, ही गोष्ट मुंबईच्या प्रसूतिशास्त्राने तिथे शिकून घेतली.

कामा रुग्णालयाची सूत्रं १९२८ पासून डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे होती. मुंबईतल्या मातामृत्यूंची कारणं शोधणारा त्यांचा अहवाल १९४१ साली सरकारने छापला. शहरात बाया कशाने दगावतात हे एकेक मृत्यू तपासून मांडण्याचा तो प्रयत्न होता. अशा चौकशांमधून एक बाब पक्की होत गेली : बाळंतपणाची खोली गाठेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. महिन्या-महिन्याला तपासणी हवी.

त्या तपासणीत पाहायचं काय, तेही तोवर ठरलं होतं. १८९६ साली इटलीत रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी तयार केली. १९०५ साली रशियात कोरोत्कॉव्ह यांनी स्टेथोस्कोपने ठोके ऐकून वरचा-खालचा दाब मोजायची रीत दिली. पायांवर सूज, लघवीत अल्ब्युमिन, रक्तदाब १४० वर ९०. ही तीन खुणांची यादी पिढ्यान्‌पिढ्या परिचारिकांना पाठ करायला लावली गेली. स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी धरून लघवी तापवणाऱ्या नर्सबाई त्या काळातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात असत. पुढे रंग बदलणारी पट्टी आली आणि दिवा गेला.

या यादीत एक खोट होती. मूत्रपिंडात लाखो सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना इजा झाल्यावरच प्रथिन लघवीत उतरतं. म्हणजे लघवीची पट्टी हिरवी होते तेव्हा गाळणी आधीच बिघडलेली असते. ती बिघडते कशी, हे १९५९ साली शिकागोच्या बेंजामिन स्पार्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी सुजून फुगलेल्या होत्या आणि रक्ताची वाट अरुंद झाली होती. बाळंतपणानंतर बहुतेकींमध्ये ही सूज उतरते, हेही पुढे दिसलं. पण गरोदरपणी मूत्रपिंडाचा तुकडा काढून पाहणं जोखमीचं. आत घडणारा हा बदल बाहेरून, रक्ताच्या चार थेंबांतून ओळखायचा, असं नवं ध्येय त्यातून पुढे आलं.

रक्तात शोधण्याचा पहिला मान युरिक आम्लाकडे जातो. १९१७ साली स्लेमन्स आणि बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी आकडीच्या रुग्णांमध्ये ते वाढलेलं असतं असं नोंदलं. क्रिएटिनिन मोजण्याची रासायनिक किल्ली तर त्याहून जुनी, १८८६ सालची. जर्मनीत माक्स याफे यांनी पिक्रिक आम्ल घातल्यावर येणारा नारिंगी रंग पाहिला. थोड्याफार फरकाने तीच रीत आजही असंख्य प्रयोगशाळांमध्ये चालते, कारण ती स्वस्त आहे. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. हडकुळ्या बाईचं मुळातच कमी असतं. त्यामुळे मूत्रपिंडाचं बरंच काम मंदावलं तरी तिचा आकडा मर्यादेत राहू शकतो. निव्वळ क्रिएटिनिनवर विसंबलं, तर सर्वांत अशक्त बाईचीच खबर सर्वांत उशिरा लागते.

इथून पुढची वाट किरणोत्सारी समस्थानिकांच्या प्रयोगशाळेतून गेली, आणि तिथेच नवी मुंबई या कथेत शिरते.

रक्तात अत्यल्प प्रमाणात असलेलं प्रथिन किंवा हार्मोन मोजता येतं, हे न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास इन्शुलिनवर दाखवलं. रेडिओइम्युनोअसे या त्यांच्या पद्धतीसाठी यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं. भारतात ही विद्या रुजली ती ट्रॉम्ब्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. परळला १९६३ पासून त्याचं किरणोत्सार वैद्यक केंद्र चालू होतं, तिथे थायरॉइडच्या रुग्णांची रीघ लागे. १९८९ साली अणुऊर्जा खात्याने 'ब्रिट', म्हणजे किरणोत्सार व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, स्थापन केलं. त्याचं ठाणं वाशीत. थायरॉइडची हार्मोन्स आणि इन्शुलिन मोजायची किट या मंडळाने देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवली. मायक्रोग्रॅमच्याही खालचं मोजमाप आपल्याकडे होऊ शकतं, हा विश्वास त्या किटांनी दिला.

हे वाशी तोवर केवढं नवं होतं! १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, तेव्हा ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरं आणि खाजण नव्या शहरासाठी घेतलं जाणार होतं. आगरी-कोळ्यांची ही गावं. अडलेली बाळंतीण मोठ्या रुग्णालयात न्यायची तर खाडी तरी ओलांडायची, नाहीतर ठाण्याला वळसा घालायचा. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. १९९२ साली जानेवारीत महापालिका आली आणि मे महिन्यात मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल आली. दरम्यान १९८९ साली नेरूळला डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ज्या पट्ट्यात वीस वर्षांपूर्वी सुईण हाच आधार होता, तिथे जीवरसायनशास्त्राचे विभाग आणि पदव्युत्तर विद्यार्थी आले.

आणि १९९६ साली एक वेगळाच उद्योग उभा राहिला. भाभा केंद्रात चौदा वर्षं काम केलेले, थायरॉइडच्या जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवलेले ए. वेलुमणी यांनी थायरोकेअर सुरू केली. कल्पना साधी होती : यंत्रं गावोगावी न्यायची नाहीत, नमुने एका जागी आणायचे. ती जागा पुढे तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत आली. देशातल्या शेकडो शहरांतून रक्ताच्या नळ्या संध्याकाळच्या विमानांनी मुंबईत येतात, रात्रभर तुर्भ्यातल्या यंत्रांवरून फिरतात आणि सकाळी निकाल परत जातात. नमुन्यांची संख्या वाढली तसा चाचणीचा भाव उतरला. परळच्या केंद्रात तयार झालेली विद्या खाडी ओलांडून बाजारात आली.

याच सुमारास मूत्रपिंडाचा नवा साक्षीदार पुढे येत होता. सिस्टॅटिन सी. १९६१ साली मेंदूभोवतीच्या द्रवात आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या लघवीत हे अनोळखी प्रथिन सापडलं होतं. १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या अँडर्स ग्रब आणि हेल्गे लॉफबर्ग यांनी त्यातल्या १२० अमिनो आम्लांचा क्रम उलगडला, आणि १९८५ साली मूत्रपिंडाचं गाळणं मंदावलं की ते रक्तात साचतं हे पुढे आलं. केंद्रक असलेली प्रत्येक पेशी ते जवळपास सारख्या गतीने बनवते. स्नायू किती आहेत याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही, म्हणजे क्रिएटिनिनची मोठी उणीव इथे नाही. मोजायची रीतही सोपी झाली : लॅटेक्सच्या सूक्ष्म कणांवर अँटिबॉडी चढवायची, रक्तद्रवात मिसळायची आणि येणारा गढूळपणा यंत्राने वाचायचा.

गरोदरपणात हा साक्षीदार कितपत खरा? स्वीडनमध्येच हेलेना स्ट्रेव्हेन्स आणि सहकाऱ्यांनी २००३ साली उत्तर दिलं. त्यांनी गरोदर स्त्रियांच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यांची रक्ताच्या आकड्यांशी तुलना केली. स्पार्गो यांनी पाहिलेली अस्तराची सूज जितकी जास्त, तितकं सिस्टॅटिन सी जास्त. आत न शिरता आतली खबर देणारी खूण सापडली होती.

मात्र ती निर्विवाद नाही. निरोगी गरोदरपणातही शेवटच्या तीन महिन्यांत सिस्टॅटिन सी वाढतं. म्हणून एकदाच काढलेल्या आकड्यावर निदान करता येत नाही. जगभरच्या डॉक्टरांच्या निकषांत आजही क्रिएटिनिनच आहे : अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ठरवल्याप्रमाणे १.१ च्या वर, किंवा त्याच बाईच्या आधीच्या आकड्याच्या दुप्पट. या निकषातला दुसरा अर्धा भाग फार महत्त्वाचा आहे. दुप्पट झालं हे कळायला आधीचा आकडा हाताशी हवा.

गरोदरपणातल्या रक्तदाबाचा हा आजार मुळात कुठून सुरू होतो, याचा उलगडाही २००३ सालचाच. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले आणि तेव्हा बॉस्टनमध्ये मूत्रपिंडतज्ज्ञ असलेले एस. अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारेतून रक्तात सुटणारं एक प्रथिन पकडलं. ते केशवाहिन्यांच्या अस्तराला जगवणाऱ्या द्रव्याची नाकेबंदी करतं. गाभण उंदरांना ते दिलं तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला, लघवीत प्रथिन आलं आणि मूत्रपिंडात नेमकी तीच सूज दिसली. या प्रथिनाचं वारेच्या वाढीच्या द्रव्याशी असलेलं गुणोत्तर मोजणारी रक्तचाचणी २०१६ पासून युरोपात चांगलीच रुळली आणि मे २०२३ मध्ये तशा चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही मान्यता दिली. पुढच्या काही आठवड्यांत आजार बळावेल का, हे ती सांगते.

आधी कळून करायचं काय, याचं उत्तरही आता हाताशी आहे. जोखीम असलेल्या बाईला पहिल्या तिमाहीच्या अखेरीपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, तर दिवस भरण्याआधी उद्‌भवणारा आजार ६२ टक्क्यांनी घटतो असं २०१७ च्या युरोपीय चाचणीत दिसलं. आकडीवर मॅग्नेशियम सल्फेट गुणकारी, हे १९९५ आणि २००२ च्या जागतिक चाचण्यांनी सिद्ध केलं. त्यात महाराष्ट्राची भर आहे : परदेशी शरीरयष्टीवर बेतलेली मात्रा आपल्या बायांना जास्त होते हे ओळखून सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी कमी मात्रेची रीत २००३ साली मांडली. मॅग्नेशियम मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, त्यामुळे ज्या बाईची मूत्रपिंडं मंदावली आहेत तिच्यासाठी मात्रेचा हा विचार जिवाशी निगडित आहे.

आज नवी मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात गरोदर बाई नाव नोंदवते, तेव्हा तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन लिहिलं जातं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर जोखमीच्या बायांना पाहतात. विल्स आणि झिराड यांच्या पिढीने मागितलेली महिन्याची तपासणी अशी रुजली. तिच्यात पहिल्या भेटीचं क्रिएटिनिन, आणि रक्तदाबाचा पूर्वेतिहास असेल तिथे सिस्टॅटिन सी, एवढी भर घातली तर तिसऱ्या महिन्याचा आकडा सातव्या महिन्याच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. गरोदर बाईसाठी वेगळा रकाना छापायला तर प्रयोगशाळेला नवं यंत्रही लागत नाही.

आणि तो आकडा बाईबरोबर जायला हवा. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलला तेव्हा त्याच्यामागे साताऱ्या-सांगलीकडची माथाडी कुटुंबं कोपरखैरणे, घणसोलीत आली. त्यांच्या सुना-लेकी पहिल्या बाळंतपणाला सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जातात. रक्तदाबाचा हा आजार बळावतो तो नेमका याच महिन्यांत. पाटण-जावळीच्या डॉक्टरपुढे तेव्हा ०.९ चा ताजा रिपोर्ट येतो, पण तिसऱ्या महिन्यात तिचं क्रिएटिनिन ०.५ होतं हा कागद वाशीच्या फायलीत राहिलेला असतो. डोहाळजेवणाची साडी पिशवीत भरताना हे कागद त्या पिशवीत गेले, तर तिथल्या डॉक्टरला वाढ लगेच दिसेल. बाळंतपणानंतरही ते लागतात : १९६७ पासूनच्या नॉर्वेतल्या जन्मनोंदी तपासल्या तेव्हा पहिल्या गरोदरपणात हा आजार झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे मूत्रपिंडं पूर्ण निकामी होण्याची जोखीम जवळपास पावणेपाचपट आढळली. म्हणून बाळ तीन महिन्यांचं होऊन त्याच्या लशीसाठी दवाखान्यात येतं, त्याच फेरीत आईचा रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन पुन्हा एकदा पाहून कार्डावर लिहून घ्यायला हवं.